शेवटच्या चढाईचं समालोचन

समालोचक हा मैदान आणि माणूस यांना जोडणारा पूल आहे. तो नसेल तर खेळ नुसता घडतो, कळत नाही. लवू पाष्टे यांचा या विचारावर गाढ विश्वास होता. गेल्या वर्षी मालगुंडच्या एका शाळेने बक्षीस समारंभाला बोलावलं तेव्हा त्यांनी तो इतक्या गंभीरपणे मांडला की पुढच्या रांगेतल्या शिक्षकांनी माना डोलावल्या. त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र कबड्डीचे सामने टीव्हीचा आवाज बंद करून बघत असत. पाष्टे हंगामात मुंबईला असायचे, एका क्रीडावाहिनीच्या काचेच्या खोलीत बसून मराठीत समालोचन करायचे, आणि इकडे रत्नागिरीत नाचणे रोडवरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये त्यांची बायको दीपाली त्यांचा सामना लावून रिमोटचं ते एक बटण दाबायची. हे त्यांना फार उशिरा कळलं, तेही शेजाऱ्याकडून. विचारलं तर दीपाली म्हणाली, "तुम्ही मुंबईला गेलाव की जरा घर शांत असतं. ते टीव्हीतनं कशाला परत आणू?" यात राग नव्हता. पाष्ट्यांना त्याचंच जास्त वाईट वाटलं.

त्या सोमवारी सकाळी ते गॅलरीत उभे राहून चहा पीत होते आणि खाली समर्थ आपली स्कूटर पुसत होता. समर्थ तळमजल्यावर राहायचा, विमा विकायचा आणि गिऱ्हाईक नसलं तरी बोलायचा. त्याने वर बघितलं, फडकं खांद्यावर टाकलं आणि पाष्ट्यांच्याच आवाजात, त्यांच्याच चढत्या सुरात म्हणाला, "डावा खांदा पडला... म्हणजे आता बॅक किक!" मग स्वतःच हसला. "काय ओळखलाव ओ काका. मानलं तुम्हाला." पाष्टे हसले. कौतुक झालं की हसायचं, हे वळण अंगात इतकं मुरलं होतं की त्यासाठी आतून परवानगी लागत नसे. घोट घशात अडकला वगैरे काही झालं नाही. चहा नेहमीच्या वाटेने खाली उतरला. फक्त कप कुठे ठेवायचा ते त्यांना क्षणभर कळेना. त्यांच्या मागे, स्वयंपाकघराशेजारच्या खोलीचं दार बंद होतं, आणि ते उघडायच्या आत समर्थची स्कूटर सुरू होऊन दूर निघून जावी असं त्यांना फार वाटलं. त्या दारामागे त्यांची मुलगी योगिनी झोपली होती. पडलेला खांदा तिचा होता.

झालं होतं ते सांगायला अगदी थोडं आहे. आदल्या संध्याकाळी कुमारी गटाच्या जिल्हा अजिंक्यपदाचा अंतिम सामना होता, योगिनीचा संघ विरुद्ध चिपळूणचा संघ. शेवटची चढाई उरली होती, योगिनीचा संघ एका गुणाने मागे होता आणि चढाईला योगिनी गेली होती. पाष्टे समालोचनाला बसले होते. त्यांनी ते वाक्य उच्चारलं, आणि पुढच्याच क्षणी योगिनी चिपळूणच्या मुलींच्या ढिगाखाली होती. सामना गेला. त्यानंतर राज्य स्पर्धेसाठी जिल्ह्याचा संघ जाहीर झाला आणि त्यात ती नव्हती. पुढच्या वर्षी तिचं वय या गटात बसत नव्हतं. एवढंच. पण पाष्टे ज्या वाहिनीसाठी मुंबईत बोलत ती काचेआडची गोष्ट होती. खेळाडू तिकडे दुसऱ्याच शहरात, आवाज इकडे, एकाचा दुसऱ्याला स्पर्श नाही. रत्नागिरीत तसं नव्हतं. इथलं स्थानिक केबल चॅनेल सर्वेश चालवायचा, आणि तो पाष्ट्यांचं समालोचन चॅनेलवर तर सोडायचाच, पण त्याच तारेवरून मैदानातल्या भोंग्यांवरही सोडायचा, कारण समोर ढळढळीत दिसणारा खेळसुद्धा कोणीतरी सांगितल्याशिवाय लोकांना पुरा वाटत नाही. पैसे न घेता, गावचं काम म्हणून पाष्टे ते करायचे. भोंगे मैदानाच्या चार कोपऱ्यांना होते. त्यातल्या एकाच्या बरोबर खाली चिपळूणची उजवा कोपरा सांभाळणारी मुलगी उभी होती. तिचं नाव आरोही.

मुळात पाष्टे बोलके नव्हते. बँकेने त्यांना कबड्डीवर नोकरीला घेतलं तेव्हा मुलाखतीत त्यांनी नाव आणि वजन एवढंच सांगितलं होतं. मुंबईच्या वाहिनीने उचललं ते पुष्कळ नंतर, केस पांढरे झाल्यावर, आणि तेव्हा अंधेरीतल्या एका हॉटेलात निवृत्त खेळाडूंसाठी शिबिर भरवलं होतं. तिथे सगळेच कधीतरी काहीतरी होते. हॉकीचे एक गोलरक्षक होते. पडद्यावर चेंडू जवळ आला की ते खुर्चीतल्या खुर्चीत डावीकडे झेपावायचे आणि दर वेळी शेजारच्याचं पाणी सांडायचं. एक धावपटू बाई होत्या, त्यांची वाक्यं सुरुवातीला झकास सुटत, पण टोकाला येता येता त्या दोन्ही बाजूंना कोण आलंय ते बघत आणि वाक्य तिथेच राहून जाई. नेमबाजीतले एक विजेते प्रत्येक वेळी अर्धा श्वास सोडायचे, एक डोळा मिटायचे आणि अगदी अचूक असा एक शब्द बोलायचे. दोन तासांच्या प्रसारणाला तो पुरत नसे. कुस्तीतले आप्पा माइकची मानगूट धरूनच बोलत, आणि कोणी प्रश्न विचारला की आधी त्याच्याशी हात मिळवत. सगळ्यांची शरीरं निवृत्त झाली होती, फक्त त्यांना तसं कोणी कळवलं नव्हतं. पाष्ट्यांचं दुखणं यात सगळ्यात अडचणीचं निघालं. पडद्यावर कोणीही चढाईला निघालं की त्यांचा दम धरला जायचा. ओठ हलायचे, कबड्डी कबड्डी असं आतल्या आत सुरू व्हायचं, आणि गडी परत मध्यरेषेला लागेपर्यंत तोंडातून दुसरा शब्द निघायचा नाही. म्हणजे जेव्हा बोलायचं तेव्हा ते गप्प, आणि सगळं होऊन गेल्यावर एक "हुश्श". कबड्डीत चढाई सोडून दुसरं काही फारसं नसतंच.

तन्वी नावाची, त्यांच्या मुलीहून थोडीच मोठी असेल अशी एक निर्मातीबाई त्यांच्या वाट्याला आली. ती प्रेमळ होती आणि तिला वेळ नव्हता. "सर," ती म्हणाली, "तुम्ही रेडर नाही आता. तुम्हाला कोणी आउट देणार नाही. श्वास घ्या." पाष्टे श्वास घ्यायचे आणि धरून ठेवायचे. शेवटी तिनेच युक्ती काढली. काय चाललंय ते सांगू नका, ती म्हणाली, पुढे काय होणार ते सांगा; भविष्य सांगायचं म्हणजे दम सोडावाच लागतो. आणि खरोखरच सोडला गेला. आता ही बोनस घेणार, आता हा डाव्या कोपऱ्याला हात लावणार, आता साखळी आवळणार, असं पाष्टे सांगू लागले आणि लोकांना ते आवडू लागलं. त्यातलं अर्धंअधिक चुकायचं, पण चुकलेलं भाकीत पुढच्या भाकिताखाली गाडलं जातं, हे त्यांना पहिल्याच हंगामात उमगलं. दुखणं बरं झालं. इतकं बरं झालं की पुढे छातीचा एक्स-रे काढताना तिथल्या माणसाने श्वास रोखायला सांगितला तर पाष्टे म्हणाले, "आता हा बटण दाबणार," आणि फोटो हलला. घरात दीपाली तव्यावर भाकरी टाकायची तेव्हा ते दारातून सांगायचे, आता उलटणार. मांडवीला फिरायला गेले की समोरची लाट कुठवर येईल ते सांगायचे. आपण हे मोठ्याने बोलतो आहोत हे त्यांना दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवरून कळायचं, आणि चेहरे बघायची सवय त्यांना कमी होती; त्यांना पाय बघायची सवय होती.

म्हणूनच असेल, शनिवारी योगिनी स्वयंपाकघरात आली तेव्हा त्यांनी तिच्या चालीकडे बघितलं, चेहऱ्याकडे नाही. ती फ्रिजला टेकून उभी राहिली. पप्पा, उद्या तुम्हीच बोलणार ना, तिने विचारलं. ते हो म्हणाले, आणि सर्वेशने नवीन माइक आणलाय असंही म्हणाले.

"माझ्या चढाया असतील तेव्हा गप्प राहाल?"

"म्हणजे?"

"म्हणजे गप्प. नाव घ्या, गुण सांगा. मधे काय बोलू नका. मी काय करणार ते तर अजिबात नको."

दीपाली विळीवर बसून बांगडे कापत होती, तिने मान वर केली नाही, पण विळीवरचा तिचा हात थांबला. पाष्ट्यांना आधी राग आला, मग अभिमान वाटला, कारण मुलीला वडिलांचं भाकीत खरं ठरण्याची भीती वाटते याचा दुसरा अर्थ काय होतो? भोंगे, समोरचा संघ, सगळं त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी शब्द दिला. रात्री पडल्या पडल्या त्यांनी पुष्कळ दिवसांनी दम धरून बघितला. छताकडे बघत, ओठ न हलवता, कबड्डी कबड्डी. तिसऱ्या-चौथ्या वेळेला जरा जमला. दीपाली म्हणाली, श्वास घेताव ना, की डॉक्टरला बोलावू.

सामन्यात त्यांनी शब्द पाळला. योगिनी चढाईला निघाली की ते पाण्याची बाटली तोंडाला लावायचे आणि ती परत येईपर्यंत पाणी पीत राहायचे, डोळे मिटून, कारण उघडे डोळे आणि बंद तोंड हे दोन्ही एकदम त्यांना साधत नव्हतं. भोंगे अधूनमधून बंद पडतात असं लोकांना वाटलं. सर्वेश दोनदा उठून तार हलवून आला. मध्यंतरानंतर पाष्ट्यांच्या पोटात इतकं पाणी झालं की शेवटच्या चढाईला बाटलीकडे बघवेना. मग त्यांनी तो जुना उपाय केला. योगिनीने मध्यरेषा ओलांडली आणि पाष्ट्यांनी दम धरला. आणि तो धरला गेला. छातीत, जिथे तो पूर्वी असायचा, अगदी तिथेच येऊन बसला, आणि मैदान एकदम लांब आणि स्वच्छ झालं, दिव्यांभोवतीचे किडे वेगवेगळे दिसू लागले, निळी मॅट जाऊन तिथे तांबडी माती आली. दापोलीची माती. तिथल्या मैदानावर ते योगिनीच्याच वयाचे असताना राज्य निवडीचा अंतिम सामना खेळले होते, असेच एका गुणाने मागे, अशीच शेवटची चढाई, आणि उजव्या कोपऱ्यात काशीराम. बॅक किक हे पाष्ट्यांचं खास अस्त्र. ती कधी येणार ते त्यांच्या स्वतःच्या संघालाही कळायचं नाही. काशीरामला कळलं. लाथ निघायच्या आधीच त्याने घोटा धरला होता. पाष्ट्यांच्या आयुष्यात पुढे पुष्कळ काही झालं, ते महाराष्ट्राकडून खेळले, नोकरी लागली, लग्न झालं, पण कधीही एकटे असले, बँकेच्या काउंटरवर, गाडीत, दवाखान्याच्या बाकावर, की तो प्रश्न येऊन शेजारी बसायचा. त्याला कसं कळलं? एका लग्नात काशीराम भेटला, सुटलेलं पोट, मुंबईत रिक्षा चालवत होता, तेव्हा त्यांनी त्याला जिलबीच्या ताटावरून उठवून बाजूला नेऊन विचारलं. काशीराम बराच वेळ आठवत राहिला. "नाय रे," शेवटी म्हणाला, "असाच हात गेला." हे उत्तर पाष्ट्यांनी मुळीच स्वीकारलं नव्हतं. आणि आता, दम छातीत धरून, ते योगिनीकडे बघत होते, आणि उजव्या कोपऱ्यासमोर सरकत असताना योगिनीचा डावा खांदा किंचित खाली पडला. जराच. शर्ट एका बाजूने खुंटीवरून निसटावा तसा. पाष्ट्यांच्या अंगातून वीज गेली. खांदा. आपला खांदा पडत होता. काशीरामने खांदा बघितला होता. एवढी वर्षं जे कुलूप त्यांनी खिशात वागवलं त्याची किल्ली मॅटवर चालत होती, ती त्यांचीच होती, त्यांच्याकडूनच तिच्यात उतरली होती, आणि त्या आनंदाला, कारण तो आनंदच होता, दुसरं काही नव्हतं, छातीत दमाशेजारी जागा नव्हती. दम सुटला. कबड्डीत दम सुटला की पंच बाद देतात. इथे नुसतं वाक्य बाहेर आलं, चारही भोंग्यांतून, चढत्या सुरात, शब्द न् शब्द स्पष्ट. त्यानंतर त्यांना आरोहीचे हात दिसले, आणि ढीग, आणि त्या ढिगाखालून बाहेर आलेला एक ओळखीचा बूट.

संघ जाहीर करायची वेळ आली तेव्हा संघटनेच्या कार्यवाहांनी कागद पाष्ट्यांच्याच हातात दिला. आवाज तुमचा, ते म्हणाले, आम्ही काय वाचणार. पाष्ट्यांनी वाचला. बारा नावं. प्रत्येक नावाआधी छोटा विसावा, आडनावावर जोर, शेवटी सूर वर, जसं शिबिरात शिकवलं होतं तसं. आरोहीच्या नावाला तर त्यांनी असा काही सूर लावला की चिपळूणच्या मंडळींनी शिट्ट्या मारल्या. आवाज कापरा होईल असं त्यांना वाटत होतं, निदान व्हावा असं वाटत होतं, पण आवाजाला घरची काही माहिती नव्हती, तो आपला खणखणीत होता. बारावं नाव वाचून झाल्यावर त्यांनी कागद उलटून बघितला. मागची बाजू कोरी होती. समोर मुली मांडी घालून बसल्या होत्या आणि योगिनी बुटाची नाडी सोडत होती, एका हाताने.

सोमवारनंतर सगळा आठवडा लोक त्यांना भेटत राहिले. मारुती मंदिराच्या चौकात, मिरकरवाड्याला मासे घ्यायला गेले तर तिथे, बँकेत पासबुकाच्या रांगेत. सर्वेशने त्या चढाईचा तुकडा कापून फोनवर सोडला होता आणि तो जिल्हाभर फिरत होता. खाली लिहिलं होतं, बाप असावा तर असा, लेकीलाही सोडलं नाही. लोक ते वाचून भारावत होते. मासेवाल्या यमुनाबाईंनी सौंदाळ्याचा वाटा त्यांच्या पिशवीत टाकत विचारलं, पोर रागावली नाय ना? आणि उत्तराची वाट न बघता म्हणाल्या, रागावली तरी खेळ तो खेळ. बुधवारी तन्वीचा फोन आला. ती इतक्या आनंदात होती की पाष्ट्यांना मधे काही बोलताच येईना. पुढच्या हंगामाच्या जाहिरातीत ते वाक्य घ्यायचं ठरलं होतं, पाष्ट्यांचा चेहरा, मागे अंधार, आणि डावा खांदा पडला. नको म्हणायचं असं त्यांनी मनात अगदी पक्कं केलं, तोंड उघडलं, आणि त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला, "उत्तम, फारच उत्तम." फोन ठेवल्यावर दीपालीने विचारलं, "तिला विचारलाव काय?" पाष्ट्यांनी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे दोघांनाही कळलं नाही.

योगिनी घरात होती आणि नव्हती. मीठ द्या, म्हणायची. लाइट घालवा. कॉलेजला चालले. पूर्वीही ती एवढंच बोलायची का, हे आठवायचा पाष्टे प्रयत्न करायचे आणि त्यांना पूर्वीचं काही म्हणता काही आठवत नव्हतं. आठवायचे ते तिचे पाय, अंगणात, मग शाळेच्या मैदानात, मग मॅटवर. माफी मागावी असं ठरलं होतं. ते न्हाणीघरात नळ सोडून सराव करायचे, पण पहिलं वाक्य संपायच्या आत ती जुनी खोड वर यायची. आता पाष्टे थांबले, आता ते खाली बघतील, आता आवंढा गिळणार. आरशातला माणूस त्याप्रमाणे आवंढा गिळायचा. बाहेरून दीपाली म्हणायची, कोणाशी बोलताव. रात्री झोप नसायची आणि दिवसा असायची. आपण एका मुलीचं राज्य स्पर्धेचं दार बंद केलं, आणि तेही आपलं तोंड उघडून, या विचाराची त्यांना इतकी सवय झाली की तो आला नाही तर ते त्याला शोधायचे.

रविवारी योगिनी मालगुंडला लहान मुलींना कबड्डी शिकवायला जायची. त्या रविवारी तिची एसटी चुकली आणि पाष्टे म्हणाले, मी सोडतो. ती कानात इअरफोन घालून शेजारी बसली. गाडी आरे-वारेच्या चढणीवर आली, वर दोन्ही बाजूंचे समुद्र एकदम दिसतात तिथे पाष्ट्यांनी ती कडेला घेतली. पर्यटक फोटो काढत होते. त्यांच्यात उभं राहून बोलावं की गाडीतच, हे ठरत नव्हतं म्हणून ते स्टिअरिंग धरून बसले. मग म्हणाले की त्या दिवशी मी बोलायला नको होतं. योगिनीने एक इअरफोन काढला. काय, म्हणाली. मग त्यांनी सगळं सांगितलं, दम, दापोली, काशीराम, खांदा, किल्ली, भोंगा, एका श्वासात, चढाईला निघाल्यासारखं, आणि कुठेही सूर चढला नाही. आरोहीने ऐकलं आणि तुला पकडलं, ते म्हणाले. माझ्यामुळे.

योगिनी त्यांच्याकडे वळली. "पकडलं कधी?"

"शेवटच्या चढाईत."

"नाय ओ पप्पा. किक मारायला वळले तेव्हाच माझा पाय रेषेबाहेर पडला होता. शिट्टी झाली. मग आली आरोही अंगावर, तिला ऐकू नाही आली शिट्टी. सॉरी पण म्हणाली नंतर."

तिने फोन काढून तो तुकडा लावला. आवाज बंदच होता. पाष्ट्यांनी तो आठवडाभर कितीतरी वेळा बघितला होता, आणि आता चित्राच्या अगदी कडेला पंच दिसला, हात लांब करून रेषा दाखवत असलेला. आरोहीचे हात त्यानंतर आले. गुण एकच मिळतो, पकडीला काय आणि रेषेला काय. पाष्ट्यांनी फोन परत दिला. त्यांना हलकं वाटायला हवं होतं. हाताने काही धरलेलं असावं आणि हात उघडल्यावर त्यात काही नसावं, तसं झालं.

"पण खांदा," ते म्हणाले. "खांदा पडतो तुझा. माझ्यासारखा."

"दुखतो म्हणून पडतो. दिवाळीच्या आधी प्रॅक्टिसला पडले तेव्हापासून हात वर धरवत नाही."

"मला बोलली नाहीस."

"तुम्ही मुंबईला होतात. मम्मीला माहिती आहे, शेक देते ती." तिने दुसराही इअरफोन काढला. "म्हणून तर म्हटलं होतं गप्प राहा. तुम्ही बघितलं असतं तर बोलला असतात, आणि भोंग्यावर निवड समितीला कळलं असतं."

समुद्राकडून वारा आला आणि गाडीच्या काचेवर रेती खरखरली. पाष्टे त्या आवाजाकडे लक्ष देऊन बसले. म्हणजे तेच झालं होतं. चुकीच्या गुन्ह्यासाठी आठवडाभर झुरले होते आणि खरा गुन्हा आत्ता समोर येत होता, आणि तो करतानाचं वाक्य एकच होतं. डावा खांदा पडला. सगळ्या मैदानाला, चार भोंग्यांतून, त्यांनी स्वतः सांगितलं होतं. विचारायचं नव्हतं, पण विचारलं. निवड समितीने ऐकलं ना मग, ते म्हणाले.

"ते कुठे होते तिथे?" योगिनी म्हणाली. "पहिल्या हाफमध्ये माझे दोनच गुण होते, तेवढं बघून त्यांनी मध्यंतरालाच बारा जणी ठरवल्या आणि शाळेच्या व्हरांड्यात जेवायला बसले. आमच्या सरांनी तेव्हाच सांगितलं मला."

पहिल्या हाफमधल्या तिच्या चढाया पाष्ट्यांनी आठवून बघितल्या. त्यांना बाटलीतलं पाणी आठवलं. मागे कोणीतरी हॉर्न वाजवला, त्यांच्या गाडीमुळे एका टेम्पोला वळता येत नव्हतं. त्यांनी गाडी सुरू केली. मुली वाट बघत असतील, योगिनी म्हणाली, आणि मग, उतार लागल्यावर, आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाली की सामना संपल्यावर आम्ही त्याच व्हरांड्यात जेवायला गेलो तेव्हा सुरमई संपली होती, नुसता रस्सा होता.